वेणूमावशीचं आवतण

वेणूमावशी कुणाच्याही घरी जेवत नसे. इंदूरकडच्या आमच्या लालबागेतल्या अकरा घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या हातचे मांडे व्हायचे. लग्नकार्यालाही तिलाच बोलावणं जायचं. पण काम संपलं की ती हात धुवायची, पदराला पुसायची आणि निघायची. "मावशी, ताट वाढते," असं कुणी म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "राहू द्या बाई, मी पोट घरी ठेवून आले." बायका हसायच्या, मीही हसायची. आपल्याकडं कुणी दुसऱ्याच्या घरी जेवायला नाही म्हटलं, की ती फार सोवळ्याची असेल असं लोक धरून चालतात. मावशीबद्दलही सगळ्यांनी तसंच धरलं होतं.

माझं माहेर इच्छापूरचं. लग्न होऊन आले ती पहिलीच आखाजी होती, आणि अंगणात चुलीवर पालथं खापर ठेवून एक गोरी, उंच बाई बसली होती. हातात एकही बांगडी नव्हती. तिनं पुरण भरलेला गोळा घेतला, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवत नेला, आणि तो एवढा पातळ झाला की त्यातून पलीकडची तुळस दिसायला लागली. मग एका झटक्यात खापरावर टाकला. मी पुरणाचे गोळे करून देत होते. सासूबाईंनी मला काही विचारलं, तर माझ्या तोंडून शब्द निघेना. चारचौघांत माझं असंच होतं. मावशी म्हणाली, "राहू द्या माय, ही पोर या गोळ्यासारखी आहे. आत भरलेली आहे, वरून दिसत नाही." तेव्हापासून मी तिची झाले. तिची खोली आमच्या मागच्याच गल्लीत होती. दुपारी काम आटोपलं की मी डाळ निवडायला म्हणून तिच्याकडं जाऊन बसायची.

मावशीचा मुलगा आणि सून सुरतेला लूमवर होते. नात पूजा मावशीजवळ राहून शिकली. हुशार पोरगी, बोलायला फटकळ, अर्धं मराठी अर्धं हिंदी. बारावी झाल्यावर ती मावशीच्या माहेरी, दापोऱ्याला, एका लग्नाला गेली. मावशी गुडघ्यामुळं गेली नाही. परत आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "आजी, आपण कोण आहोत?"

"माणसं," मावशी म्हणाली.

"असं नको. ठीक से सांग. दापोऱ्याच्या मामीनं मला सगळं सांगितलं. तू का नाही सांगितलं?"

मी सूप बाजूला ठेवून उठायला लागले. मावशीनं माझं मनगट धरलं. "तू बस व सुमन. तुलाही कधीतरी ऐकायचंच आहे." मग ती पूजाकडं बघून, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "आपण महार."

मी खाली बघत बसले. खोटं कशाला लिहू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ही बाई इतकी वर्षं आमच्या देवघराशेजारून ये-जा करते आहे.

मावशी सांगत गेली. नवरा वारल्यावर ती लहान मुलाला घेऊन लालबागेत भाड्यानं राहायला आली. त्या वर्षी आखाजीला एका घरी मांडे करणारी बाई तापानं पडली. ही म्हणाली, मला येतात. तिच्या आईनं शिकवले होते. दापोऱ्याच्या त्यांच्या वस्तीत आईसारखे मांडे कुणाचेच नसत, पण ते वस्तीबाहेर कधी गेले नव्हते. हिनं पहिला मांडा खापरावर टाकला आणि घरची मालकीण बघत राहिली. म्हणाली, "एवढा पातळ मांडा म्हणजे पाटलाच्याच घरचा हात. तुम्ही पाटलाकडच्या ना हो?"

"मग तू हो म्हणाली?" पूजानं विचारलं.

"हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. हातावर मांडा होता, तो फाटला असता."

"मतलब तीस साल तू झूठ बोलली."

"बोललेच नाही व माय. तेच तर झालं."

पूजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला शरम नाही वाटत आजी. तुला वाटते, म्हणून मला गुस्सा येतो."

मावशी म्हणाली, "तुला वाटत नाही, कारण तुला कुणी अंगणातून हाकललं नाही. माझ्या आईला हाकललं होतं, तान्ह्यासाठी पाणी मागितलं म्हणून. ते तान्हं मीच. तुझा राग चांगला आहे पोरी, भरल्या पोटाचा आहे. ते पोट मी गप्प राहून भरलं."

पूजानं डोळे पुसले आणि सांगितलं की नर्सिंगच्या ऍडमिशनला जातीचं प्रमाणपत्र जोडायचं आहे, आणि ते ती लपूनछपून काढणार नाही. मावशी म्हणाली, "काढ. पण त्याआधी मला अकरा घरी जाऊन येऊ दे."

"त्यांना सांगायची काय जरूरत? वो कौन होते हैं?"

"त्यांनी मला घरात घेतलं, ते दुसऱ्याच बाईला समजून. मला एकदा बघायचं आहे, मला घेतात का." मग म्हणाली, "म्हणून मी कुणाकडं जेवले नाही. पंगतीत बसले असते तर ते खोटं पोटात गेलं असतं. मी ते हातापर्यंतच ठेवलं."

मावशीनं काय करावं? तिनं रविवारी स्वतःच्या खोलीवर मांडे करायचे ठरवले आणि अकराही घरांना जेवायचं आवतण द्यायला निघाली. गुडघा दुखत होता, म्हणून मला म्हणाली, "नुसती सोबत चल. बोलायचं काही नाही. तसंही तुला बोलता येत नाही." मी गेले. दाराशी उभी राहून प्रत्येक ठिकाणी मी तेच शब्द ऐकले, "मी वेणू, दापोऱ्याची. जातीनं महार. इतकी वर्षं तुमच्याकडं मांडे केले, सांगितलं नव्हतं. आता नातीच्या कागदावर लिहिलं जाईल, म्हणून आधी सांगते. रविवारी माझ्या घरी मांडे आणि रस आहे. या."

एकीला वाटलं, थट्टा करते. एक म्हणाली, "काहीतरीच! तुम्ही तर किती गोऱ्या!" मावशी म्हणाली, "उन्हात कमी गेले बाई. जन्म चुलीपाशी गेला, नाहीतर झाले असते काळी." एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "आम्ही असलं काही मानत नाही हो. माणूस महत्त्वाचा." पण त्यांनी पाणी विचारलं नाही, आणि रविवारी गावाला जायचं आहे असंही लगेच सांगितलं. दोन ठिकाणी दार उघडंच राहिलं आणि माणसं आत निघून गेली.

कुसुमबाईंकडं मात्र वेगळं झालं. त्या रडायलाच लागल्या. "वेणू, आधी सांगितलं असतं तर?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

कुसुमबाईंनी डोळे पुसले, विचार केला आणि म्हणाल्या, "बोलावलं नसतं."

"बसते मी जरा," मावशी म्हणाली आणि त्यांच्या ओट्यावर टेकली. "एवढं खरं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं."

सगळ्यात शेवटी आमचं घर. मला वाटत होतं, ते राहून जावं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज चढला, "वेणू, आखाजीला पितरांच्या पानावर तुझा मांडा ठेवत आले मी! पितरांनी काय खाल्लं?"

मावशी म्हणाली, "माय, पितरांना वरून सगळं दिसत असेल ना? त्यांनी तर कधी तक्रार केली नाही."

आमचे हे आतल्या खोलीत फिसकन हसले. सासूबाई हसल्या नाहीत. मावशी गेल्यावर मला म्हणाल्या, "तुला जायचं तर जा. तुमचं दोघींचं आहे ते मला माहीत आहे. पण तिथं खाऊन आलीस तर माझ्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही."

रविवारी मी गेले. मावशीनं नवं खापर आणलं होतं. खोलीपुढं सतरंजी अंथरली होती, पूजानं केळीची पानं धुऊन मांडली होती, अकरा घरांच्या हिशोबानं. मी सोडून आली फक्त तीन घरं. कुसुमबाई सगळ्यांत आधी आल्या आणि कोपऱ्यातल्या पानावर बसल्या. एक म्हातारे बाबा आले, त्यांना जातीपेक्षा रसाची काळजी होती, "गोड आहे ना गं?" असं दोनदा विचारलं. एका घरच्या दोघी जावा डबा घेऊन आल्या. "घरी नेतो," म्हणाल्या. मावशीनं डबा बाजूला ठेवला. "डब्यात नंतर भरते. आधी बसा." दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि बसल्या.

पूजानं माझ्यापुढं पान ठेवलं. मावशीनं खापरावरचा मांडा घडी घालून माझ्या पानाकडं आणला, आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी, आज माझी संकष्टी आहे."

सगळ्यांसमोर एरवी माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी तेवढा निघाला.

मावशीचा हात तसाच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मग तो मांडा तिनं बाबांच्या पानात वाढला, आत गेली आणि दोन केळी आणून माझ्या पानावर ठेवली. "उपासाला केळं चालतं," म्हणाली. पूजा काही बोलायला लागली, तर मावशीनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. नंतर मावशी स्वतः पंगतीत बसली. तिला जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. कुसुमबाई तिला रस वाढत होत्या आणि मी केळं सोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पूजेला बसल्यावर मी मावशीच्या दारात गेले. पूजा कपडे वाळत घालत होती. माझ्याकडं न बघता ती आत म्हणाली, "आजी, उपासवाली आंटी आली."

मी म्हटलं, "मावशी, काल संकष्टी नव्हती."

"ठाऊक आहे. संकष्टी गुरुवारी झाली. अकरा घरच्या बायकांचे उपास पाठ आहेत मला."

"मग सगळ्यांसमोर बोलली का नाही?"

"तीस वर्षं मी निभावलं. तुझं एक जेवण मला निभावता येत नाही का व?" ती हसली. मग हसू गेलं. "पण एक सांगते सुमन. त्या सगळ्यांचं लागलं नाही. तुझं लागलं."

कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं. मी खाली बसले. म्हटलं, "काही उरलं आहे का?"

"शिळं आहे."

"चालेल."

दोन मांडे उरले होते. एक तिनं वाटीभर दुधाबरोबर माझ्यापुढं ठेवला. दुसरा तिनं स्वतः घेतला. पूजा दारात उभी राहून मी खरंच खाते का ते बघत होती. मी संपवल्यावर ती आत आली, वाटी उचलली आणि म्हणाली, "और दूध देऊ का, काकू?"

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, "काल खाल्लं नव्हतं. आज खाल्लं." एवढंच बोलले. दोन दिवस सासूबाईंनीच स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली, आणि खाटेवरून म्हणाल्या, "गॅस पेटव. चहा ठेव." त्या विषयावर आम्ही दोघी परत कधी बोललो नाही. पण पुढच्या आखाजीला त्यांनी वेणूमावशीला बोलावलं नाही. मांडे मी केले. जाडच झाले. सासूबाईंनी मुकाट्यानं खाल्ले.

त्या आखाजीला मावशीला चार घरची बोलावणी आली. कुसुमबाई, ते बाबा, त्या दोघी जावा, आणि चौथं घर कुणालाच वाटलं नव्हतं असं, ज्यांनी दार उघडं टाकून पाठ फिरवली होती त्यांच्यापैकी एकाचं. मावशी चारही ठिकाणी जेवून आली. घरी येऊन सोडा पीत होती. "सवय नाही व पंगतीची, पोट फुगलं," म्हणाली.

पूजाला इंदूरला प्रवेश मिळाला. पुढं तिला तिथंच नोकरी लागली, आणि ती आजीला घेऊन जायला आली. मावशीनं भांडी बांधली, खापर मला दिलं. तिथं दीड वर्षानं मावशी वारली. पूजाचा फोन आला तेव्हा मला कळलं. मी मावशीला शेवटचं बघितलं ते त्या सामान बांधण्याच्या दिवशी. आम्ही दोघी रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो, आणि इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं, "मावशी, तुला वाईट नाही वाटत? अकरा घरं होती, चार राहिली."

"अकरा घरं त्या पाटलीणबाईची होती," मावशी म्हणाली. "माझं एकही नव्हतं. आता चार आहेत." मग मान वळवून माझ्याकडं बघत विचारलं, "तुमचं धरू का पाचवं?"

मी म्हटलं, "मला धर मावशी. घराचं मला अजून सांगता येत नाही."