यमुनाताईंच्या आईचे वाल

प्रत्येक माणसाच्या आत एक बंद खोली असते आणि तिची किल्ली तो मरेपर्यंत कुणाला देत नाही, असं गंभीर लोक म्हणतात. माझ्या खोलीत वाटीभर वाल आहेत. म्हणजे — होते.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. ती ऐकून घेईल, पदर खोचेल आणि सरळ यमुनाताईंचं दार वाजवेल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला त्यांचं दार माहीत नाही.

आसनगाव स्टेशनपासून थोडी आत आमची सोसायटी आहे. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत मागच्या मोकळ्या जागेवर पोहण्याचा तलाव दाखवला होता. उन्हाळ्यात जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे पोहणार कशात? तेव्हा अध्यक्षांनी त्या जागेवर सामूहिक परसबाग काढली. फीत कापली. मातीशी तुटलेल्या नात्यावर भाषण केलं, आणि बुटांना माती लागू नये म्हणून सतरंजीवर उभं राहून केलं. मी मागे उभा राहून हसत होतो. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेलेला माणूस मी. शेतीची पुस्तकं कपाटात लावली होती, कुदळ कधी धरली नव्हती. तरी वाफ्यांच्या चिठ्ठ्यांत माझं नाव निघालं तेव्हा मीही एक घेतला. हसणारी माणसं रांगेत नसतात असं थोडंच आहे?

शेजारचा वाफा यमुनाताईंचा. आमच्याच जिन्यात राहतात, माहेर धसईच्या बाजूचं. आई गेली, भावांनी जमीन विकली, तिथे आता कुणाचं तरी फार्महाऊस आहे. माहेरचं म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती — आईने राख लावून डब्यात ठेवलेले कडवे वाल. भातं कापून झाली की उरलेल्या ओलीवर त्यांची आई तेच पेरायची. दरवर्षी त्यातलेच राखायचे, पुढल्या वर्षी तेच लावायचे. बाजारातलं बी त्या घरात कधी आलं नाही.

त्यातले निम्मे त्यांनी वाटीत घालून मला आणून दिले.

“भाऊ, निम्मे तुमी लावा. माझ्या वाफ्यात काय झाला तर तुमच्याकडं तरी रहतील. यंदा नाय पेरले तर बी मरल. आता जुना झाला.”

“माझ्यावर एवढा भरवसा?” मी म्हणालो.

“तुमी वाचलेले माणूस,” त्या म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, हे उत्तर आहे.

आता इथे मी थोडा अडखळतो. गेली काही वर्षं मी स्वतःलाच एक गोष्ट सांगत आलोय, ती आधी सांगतो. वाल भिजत घातले, म्हणजे लवकर रुजतील. वाफा खणताना कंबर धरली. मी पडून राहिलो, वालांना मोड आले, बायको लेकीकडे गेलेली, घरात भाजी नव्हती, आणि — चुकून...

चुकून?

मोड आलेले वाल पेरता येतात, हे मला माहीत होतं. खाली उतरून मातीत खोचायचे, एवढंच काम होतं. पण कंबर दुखत होती, भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर त्या आईच्या बियाण्याचं मला मनातून हसूच येत होतं. अध्यक्षांच्या भाषणाला हसलो होतो तसंच. बी ते बी, त्याला कसलं माहेर? मी वाल कोमट पाण्यात टाकले आणि सोलायला बसलो. बिरड्याचे वाल एकेक करून सोलावे लागतात, तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे विचार बदलायला प्रत्येक वालामागे एक संधी होती. मी एकही घेतली नाही. कांदा, खोबरं, आमसूल, किंचित गूळ — बिरडं केलं आणि खाल्लं.

भीती नंतर आली. मी एसटीने धसईला गेलो. शहापूरच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं असतं. शिवाय त्यांच्या माहेरच्या बाजूचेच वाल असले म्हणजे वेलही तसेच दिसतील, असा हिशेब. शहाणपणा कुठे वापरला बघा.

“खायला का पेरायला?” विकणाऱ्या बाईने विचारलं.

“दोन्हीला.”

“मग पेरायचे आधी काढून ठेवा हां. खाल्लेला उगवत नाय, भाऊ.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. पिशवी पुढे केली.

ते वाल लावले आणि उगवले. मग एके दुपारी कुणीतरी कुंपणाचं फाटक उघडं टाकलं, शेळ्या शिरल्या आणि फाटकालगतचा यमुनाताईंचा वाफा मुळापर्यंत खाऊन गेल्या. मी गॅलरीतून पाहिलं. त्या वाफ्याशी उकिडव्या बसल्या होत्या, खुरांनी तुडवलेल्या मातीत काही उरलंय का ते बोटांनी शोधत होत्या. मग मान वर केली, माझ्या हिरव्या वाफ्याकडे पाहिलं, आणि — हे मला विसरता येत नाही — त्या हसल्या. सुटल्यासारख्या.

तेव्हा सांगायला हवं होतं ना? मी खाली गेलो आणि म्हणालो, “आहेत की माझ्याकडे.”

शेंगा वाळल्यावर त्या आल्या. एक शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले, उन्हात धरले. एकेक उलटून पाहिला. मी कुदळीचा दांडा धरून उभा होतो.  ओळखलं, असं वाटलं. ओळखावं, असंही वाटलं का? नाही, खोटं कशाला — तसं अजिबात वाटलं नाही.

“आईचा दाणा जरा बारीक होता,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “हितल्या पाण्याचा फरक असंल.”

“असेल,” मी म्हणालो.

तेवढा एक शब्द. बाकी सगळं त्यांनी माझ्यासाठी करून टाकलं.

आता त्या दरवर्षी ते वाल लावतात, राख लावून ठेवतात, सोसायटीत ज्याला हवे त्याला मूठभर देतात. अध्यक्षांनी वाफ्यापाशी ‘पारंपरिक वाण’ अशी पाटी लावली आहे. यंदा आईच्या तिथीला यमुनाताईंनी त्याच वालांचं बिरडं करून वाटीतून आणून दिलं. वाटी तीच होती. “आईच्या हातची चव आली बघा,” असं म्हणून त्या, मी घास घेईपर्यंत, दारात उभ्या राहिल्या. मी मान डोलावली.

त्यांच्या आईच्या वालांची चव जगात शेवटची घेतली ती मी. ती कशी होती, हे सांगू शकेल असा माझ्याशिवाय कुणी नाही. मी आठवून पाहिलं. जेवताना मी पेपर वाचत होतो. मीठ जरा जास्त झालं होतं.