एक इंच वजा

माझी आत्या शिलाई मशिनं दुरुस्त करते आणि दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळते. वय सत्तावन्न. खेळातलं नाव ‘बॉबिन’. या बॉबिनने आजवर कुठल्या कुठल्या पोरांना धूळ चारली आहे. समोर कोण बसलंय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी लाजेने खेळणंच सोडलं असतं.

तिचा कॉम्प्युटर मात्र एका जुन्या पत्र्याच्या डब्यात कोंडलेला होता. शेवटचं वळण आलं की तो तापायचा, आतला पंखा बोंबलायचा आणि आत्याची गाडी जागच्या जागी थिजायची. एकदा वैतागून तिने डब्याची बाजू काढून फेकली, टेबलफॅन लावला आणि पहिली आली.

“अगं, याला श्वास घ्यायला जागाच नव्हती,” ती मला म्हणाली. त्या दिवसापासून बंद डबा तिच्या मनातून उतरला.

मग आम्ही दोघी शोधाला लागलो. कॉम्प्युटरसाठी ओपन फ्रेमची केस, म्हणजे उघडा डबा मिळतो, हे मीच तिला दाखवलं. चारी बाजूंनी उघडी, नुसता ॲल्युमिनियमचा सांगाडा, आत सगळं दिसतंय. आकाराने लहान, म्हणजे दोन मशिनांच्या मधे टेबलावर मावेल अशी. आयुष्यभर झाकणं उघडून आत डोकावण्यात गेलेल्या बाईला तिची भुरळ पडली नसती तरच नवल.

बाबांनी नाक मुरडलं. बाबा आत्याचे धाकटे भाऊ. ते लाकडी खोकी आणि पेट्या बनवतात, त्यामुळे झाकण नसलेली वस्तू म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटतो.

“ताई, उघडं खोकं? आणि तेही चांगल्यातलं, महागातलं? तुझ्या दुकानात दिवसभर कापसाची लव उडते. महिन्याभरात उशी होईल त्याची.”

बाबांचं बरोबर होतं, आणि बाबांचं बरोबर असलं की आमच्या घरात सगळे चिडतात. आत्या दोन दिवस मशिनांतली लव झाडत बसली. तिसऱ्या दिवशी तिने कपाटावरून आजीच्या शिलाई मशिनचं लाकडी झाकण खाली काढलं. मशीन केव्हाच गेलं, झाकण तेवढं राहिलं होतं. “खेळताना काढायचं, उठताना झाकायचं. झालं!”

मला हायसं वाटलं, कारण आत्याने आयुष्यात स्वतःसाठी नवीन असं काही घेतलेलंच नाही. रेडिओ, फ्रीज, पंखा, सगळं कुणीतरी टाकून दिलेलं आणि हिने सुरू केलेलं. ‘नवीन कशाला, चालतंय की,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. आता कुठे तिने एका नव्या कोऱ्या वस्तूवर जीव लावला होता, आणि जरा काही आडवं आलं की ती तिच्यावर पाणी सोडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मनात ठरवलं, ही केस घरात आणायचीच.

झाकण मोजलं ते आजीच्या कापडी टेपने. त्या टेपला पहिला इंच नाही. दहा वर्षांची असताना आत्याने तो कात्रीने कापला, असं घरात सगळे सांगतात. त्यापायी वाढदिवसाला ठरलेली तिची नवी सायकल रद्द झाली आणि चुलतभावाची मोडकी सायकल वाट्याला आली. तिने ती खोलून दुरुस्त केली, आणि तिथूनच तिच्या हाताला पाना लागला. तेव्हापासून टेप एकपासून सुरू होतो आणि आम्ही सगळे आलेल्या मापातून एक वजा करतो. मी पाढ्यांच्या आधी ही वजाबाकी शिकले.

टेपवर तेरा आले. म्हणजे झाकण आतून बारा इंच उंच.

कॉम्प्युटरच्या दुकानात पहिली केस काचेची निघाली. “यात मासे सोडायचेत का?” आत्याने विचारलं. दुसरीला ती म्हणाली, “ही टेबलावर ठेवली तर मी कुठे बसू?” तिसरी लहानशी, फिकट रुपेरी. आत्याने एक स्क्रू बोटांनी फिरवून पाहिला, आटे साफ होते. मग कडेवरून अंगठा फिरवला. कुठे खरखर नाही. तिचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं.

आमचा टेप आत्याच्या दुकानातच राहिला होता, म्हणून दुकानदाराने आपल्या स्टीलच्या टेपने उंची मोजली.

“साडेबारा,” तो म्हणाला.

“म्हणजे साडेअकरा,” आत्या म्हणाली. मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

“नाही मॅडम, साडेबा…”

“अहो, माहितीये आम्हाला,” आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. बिचाऱ्याने हात टेकले आणि केस बांधून दिली.

रविवारी आत्याने एकेक भाग त्या सांगाड्यात बसवला. बाबाही मुद्दाम बघायला आले. कॉम्प्युटर सुरू झाला, पंखे अगदी हळू फिरले. आत्या गुणगुणायला लागली. मग तिने झाकण वर ठेवलं, आणि ते टेबलापासून अर्धा इंच वर अडकलं. फिरवलं, दाबलं. तेच.

“आत्या,” मी म्हणाले, “दुकानदाराचा टेप अख्खा होता गं.”

ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मीही हसले. पण हसू ओसरलं आणि तिने पदराला हात पुसत म्हटलं, “परत देऊन येऊ. जुना डबा आहेच. नवीन कशाला, चालतंय की.”

माझं डोकंच फिरलं. “काय चालतंय? काहीही चालत नाही!” मी ओरडले. आत्या स्क्रू काढायला लागलीसुद्धा. आता बाबा ‘मी म्हटलंच होतं’ म्हणणार, म्हणून मी त्यांच्याकडे वळले. त्यांनी एवढंच विचारलं, “किती कमी पडतंय?”

“अर्धा इंच.”

“उद्यापर्यंत काही खोलू नकोस, ताई.” आणि झाकण काखेत मारून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झाकण घेऊन आले. खालच्या कडेला लाकडाची नवी पट्टी चारी बाजूंनी जोडलेली, पॉलिश तेच, सांधा बोटालाही लागत नव्हता. त्यांनी झाकण केसवर ठेवलं. ते अलगद टेबलावर टेकलं.

आत्याने पट्टीवर अंगठा फिरवला. “अर्धाच हवा होता रे. तू अख्खा इंच लावलास.”

“तेवढाच कापला होता मी,” बाबा म्हणाले. त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या टेपवर होती. “भोवऱ्याला दोरी हवी होती. इंचभर कापला, तेवढ्यात आई आली. तू आईला म्हणालीस, माझ्याकडून कापला गेला. तुझी सायकल गेली, आणि मी गप्प बसलो. घे तुझा इंच.”

आत्याने आधी बाबांच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. मग डोळे पुसले, गळ्यातला टेप काढला आणि झाकण उताणं करून आतून मोजलं.

“चौदा,” ती म्हणाली.

“म्हणजे तेरा,” आम्ही तिघं एकदम म्हणालो.