गुदैबियाच्या गच्चीवरचा मेन सीक्वेन्स

किस्से काही ठरवून जमत नाहीत. परदेशात चार मराठी माणसं एका गच्चीवर बसली, की वर्षभरात पोतंभर होतात! ऐंशीच्या आसपास बहारीनमध्ये, गुदैबियात आमची अशी एक गच्ची होती. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी नेने तिथे आम्हाला तारे शिकवायचे. पेशाने पाइपलाइन इंजिनिअर, पण काय शिकवायचे हो! ऐकत राहावं.

*

त्यांचं लाडकं प्रकरण मेन सीक्वेन्स. म्हणजे ताऱ्याच्या आयुष्याचा सगळ्यात लांब, शांत काळ. पोटातला हायड्रोजन जाळत तो स्थिर असतो. एकदा त्यांनी चादरीवर ताऱ्यांच्या तापमानाचा आणि तेजाचा आलेखच मांडला. तांबड्या ताऱ्यांना मसूर, पिवळ्यांना चणाडाळ, फार तापलेल्यांना साखर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा पट्टा!

नेन्यांच्या मिसेस, मालतीवहिनी वर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "विश्व छान झालंय. आता निवडून द्या!"

नेने खरंच निवडत बसले.

*

त्या आलेखात तापमान उजवीकडून डावीकडे वाढतं. हे उलटं कसं, म्हणून आमची डोकीच फिरली. नेन्यांच्या ऑफिसातले बहारीनी यूसुफ चहाला आले होते. अरबी वाचणारा माणूस! एक नजर टाकून म्हणाले, "उलटं कुठंय? तुम्ही लोकांनी पहिल्यांदाच काहीतरी सरळ लिहिलंय!"

*

वसईचा डॉमनिकही यायचा. हॉटेलात कुक, सदा डबल शिफ्ट. छातीत कळ यायची, डॉक्टर विश्रांती घे म्हणायचे, घरून बायकोचे, फिलोमिनाचे निरोपावर निरोप. हा आपला, "इंशाल्ला, पुढच्या वर्षी!" एक दिवस हा शेगडीपुढेच कोसळेल, अशी आम्हाला धास्ती.

एका गुरुवारी नेने म्हणाले, "तारा जेवढा मोठा, तेवढा उधळ्या. ढीगभर इंधन असून लवकर खलास! आपला सूर्य बेताने जळतो, म्हणून टिकलाय."

"म्हणजे सर, ज्याच्याकडे जास्त, तोच आधी संपतो?"

"हो रे. जाळतोच तसा."

डॉमनिक चहा तसाच ठेवून खाली गेला.

*

शनिवारी त्याने मॅनेजरकडे लीव्ह मागितली. मॅनेजर इंग्रज, स्वतः रात्रंदिवस हॉटेलातच.

"एकदम लीव्ह? डॉक्टरने सांगितलं?"

"डॉक्टर केव्हापासून सांगतायत, साहेब. पण पाइपलाइनवाल्या सरांनी सांगितलं, ते पटलं!" आणि उभ्या उभ्या त्याने साहेबाला अख्खा मेन सीक्वेन्स समजावला. लीव्ह मिळाली.

डॉमनिक वसईला गेला. पुढच्या गुरुवारी गच्चीचं दार वाजलं. बघतो तर मॅनेजर! टाय सैल, जिने चढून धाप लागलेली. थेट नेन्यांसमोर येऊन बसला आणि म्हणाला, "मी अजून किती टिकेन, तेवढं सांगा."