भिंत गोड होईपर्यंत धुवा

आधी कबूल करा की हसणार नाही, मग सांगतो. छे, तुम्ही हसणारच, चेहऱ्यावरच दिसतंय. बरं हसा. पण चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, माझा शर्ट पांढरा आहे.

तर ऐका. मी माझ्या घराची भिंत चाटली. एकदा नाही हो! सलग आठ दिवस, रोज सकाळी, आंघोळ करून, शाळेत जायच्या आधी चाटली.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही तर विज्ञान शिकवता! अहो, म्हणूनच तर. साध्या माणसाला हे सुचलं असतं का?

आमचं घर सानगडीला, तलावाच्या पाळीला लागून. पश्चिमेची भिंत थेट पाण्याकडे तोंड करून उभी. पावसाळ्यात तलावावरून झड सुटली की सगळा मारा तिच्यावरच. बाबांच्या वेळेपासून दरवर्षी भागरताबाई यायच्या आणि माती, शेण, धानाची तणस तुडवून ती भिंत लिंपून द्यायच्या. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्याच हातच्या. पण मी सर झालो, हातात घड्याळ आलं, आणि मला त्या मातीच्या भिंतीची लाज वाटायला लागली.

साकोलीला गेलो. दुकानदारानं प्लास्टिकची शीट दाखवली. विटांची डिझाइन, वर चमक. म्हणाला, "सर, समुद्राच्या काठच्या बंगल्यायले हेच लावतात. खाऱ्या हवेतबी काई होत नाई याले!"

सानगडीला कुठला आलाय समुद्र? रात्रभर रेल्वेत बसल्याशिवाय आम्हाला समुद्र दिसत नाही. पण मी मनात म्हटलं, जी समुद्राला दाद देत नाही, ती आमच्या तलावाला काय भीक घालणार! आणली. भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांवर शीट. मध्ये वीतभर पोकळी राहिली, ती हवा खेळायला.

भागरताबाई पाहायला आल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, मातीच्या भिंतीले पलास्टिकचा शर्ट घातला? तिले घाम येईन ना!"

"भागरताबाई, भिंतीला घाम येत नसतो. त्याला आर्द्रता म्हणतात."

"म्हनत असतीन बाप्पा," म्हणाल्या आणि गेल्या.

दोन पावसाळे झकास गेले. मी येताजाता शीटवर टकटक करून बघायचो आणि खूश व्हायचो. यंदा चैत्र लागला, सकाळची शाळा सुरू झाली, ऊन असं तापलं की विचारू नका. आणि एक दिवस पाहतो तर शीटचं पोट सुटलेलं! मधोमध फुगवटा, आणि खालच्या फटीतून तपकिरी ओघळ.

आमच्या सौ., मंगला, बघताक्षणीच म्हणाल्या, "काढून टाका ना थे! मी तं पहिल्याच दिवशी म्हणलं होतं."

"काढायचं काय त्यात? दुरुस्ती असते प्रत्येक गोष्टीला."

मोबाईलवर शोधलं, एक व्हिडिओ सापडला. कोकणातला एक मिस्त्री, मागे खराखुरा समुद्र, लाटा बिटा, आणि हा सांगतोय, समुद्रकाठच्या घराची शीट बिघडली तर काय करायचं. "खाऱ्या वाऱ्यानं शीट फुगते, डाग पडतात. आधी खालच्या फटी बुजवा. मग रोज गोड्या पाण्यानं धुवा. बोट लावून चव बघा. खारट लागली तर आणखी धुवा. भिंत गोड लागली की समजा खार गेला!"

केवढी शास्त्रशुद्ध पद्धत! मी त्याच दिवशी खालच्या सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवल्या. वरच्या राहिल्या, कारण शिडी पुरली नाही. ओघळ आता एका स्क्रूच्या भोकातून यायला लागला. मी पाइप लावून भिंत धुतली, ओघळाला बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

गोड!

"मंगला! अगं, पहिल्याच दिवशी! भिंत गोड झाली!"

ती बाहेर आली, तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "उन्हात टोपी घालत जा म्हणून कितीदा सांगतलं मी!"

दुसऱ्या दिवशी आणखी गोड. तिसऱ्या दिवशी तर विचारूच नका. मग माझ्या लक्षात आलं, बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं, म्हणजे निरीक्षण चुकणार. प्रयोग करायचा तर चोख करायचा. म्हणून मी सरळ भिंतीलाच जीभ लावायला लागलो.

आठव्या दिवशी मी चाटत असताना नेमका शेजारचा दामू म्हशी घेऊन तलावावर निघालेला. म्हशी पुढे गेल्या, दामू थांबला.

"सर, काय करून राहिले जी?"

"प्रयोग."

"चाटून?"

"जीभ हे ज्ञानेंद्रिय आहे, दामू."

आता दामू माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेला. सरांवर पूर्ण भरवसा. त्यानंही धोतर सावरलं, वाकला आणि चाटली. "आयला! हे तं गोड लागते जी!"

झालं! शाळेतून परत येईस्तोवर अर्धा मोहल्ला माझ्या मागच्या अंगणात. कोणी वाटी आणलेली, कोणी लेकराला कडेवर घेऊन त्याचं तोंड भिंतीला लावतंय. एका बाईनं तर अगरबत्तीचा पुडाच फोडला.

तिथं माझ्यातला विज्ञानाचा माणूस जागा झाला. "खबरदार अगरबत्ती लावाल तर! हा चमत्कार नाही. याला कारण आहे!"

"काय कारण हाये जी?" दामूनं विचारलं.

आता सांगा, वीस वर्षं शिकवणारा मास्तर, समोर पन्नास माणसं, आणि तो म्हणेल का 'मला माहीत नाही'? माझी नजर पाळीवरच्या मोहाच्या झाडाकडे गेली. खाली फुलांचा सडा पडलेला. बस्स! मी सुरू झालो. "मोहाची फुलं तलावात पडतात. त्यांची साखर पाण्यात उतरते. ते पाणी जमिनीत मुरतं. आणि दिव्याच्या वातीत तेल जसं आपोआप वर चढतं, तसं ते माझ्या भिंतीत चढतं. याला म्हणतात केशाकर्षण!"

सगळे एका सुरात म्हणाले, "वाऽऽ!"

खोटं नाही सांगत, माझ्याच अंगावर काटा आला. इतकं ज्ञान माझ्यात होतं आणि मलाच माहीत नव्हतं!

तेवढ्यात गर्दीतून भागरताबाई पुढे आल्या. त्यांनी शीटला कान लावला. डोळे मिटले. "गुरुजी, अंदर मोहोळ हाये. आवाज येऊन राहिला."

"तलावावरचा वारा आहे तो."

"अन् वळचणीखालून माशा जाऊन राहिल्या थ्या?"

"भिंत गोड आहे म्हटल्यावर माशा येणारच! कारण आणि परिणाम उलटे करू नका, भागरताबाई."

"मले थे नाई समजत. पन मोहोळ समजते."

लोक खुसुखुसु हसले. आणि माझा पारा चढला. बघा, माझ्याकडे शेती नाही, गाडी नाही. 'सर म्हणतात म्हणजे खरंच असन', हे एक वाक्य तेवढं मी या गावात कमावलं होतं. तेच ही बाई सगळ्यांदेखत उडवून लावत होती. मी हात वर करून ओरडलो, "यात मोहोळ निघालं ना, तर मी खडू खाली ठेवीन! शाळा सोडून तुमच्या हाताखाली चिखल तुडवीन! सगळे साक्षी आहेत!"

"कायले अशी बोली बोलता गुरुजी?" त्या काळजीनं म्हणाल्या. त्यांची ती काळजी मला फारच लागली. तिरमिरीत मी साकोलीला फोन लावला. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन बघणारे एक साहेब आहेत, त्यांना सांगितलं, रविवारी या, एक शोध दाखवायचाय.

रविवारी साहेब आले. आख्खा मोहल्ला जमला. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला. साहेबांनी ओघळाला बोट लावलं, चाखलं, बोट नाकाशी नेऊन म्हणाले, "सर, याला मधाचा वास येतोय हो."

"मोहाचा, साहेब. पहिलं अक्षर तुमचं बरोबर आलं."

आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. आतली ओली भिंत दाखवायची होती ना! एक स्क्रू काढला, दुसरा काढला. चौथ्याला शीट आपसूक सुटली आणि अंगणात आडवी झाली.

मित्रांनो, आत काय होतं सांगू?

वळचणीपासून कमरेपर्यंत मोहोळ. एक नाही, एकाशेजारी एक, पोळ्यांच्या लांबच लांब ओळी. वरचं मेण दुधासारखं पांढरं, त्याखाली मधानं भरलेली पिवळीधमक घरं, त्यातून ऊन आरपार गेलेलं. एका जागी उन्हानं पोळं तुटून मध गळत होता. आणि खाली नुसत्या माशा. अंगाला अंग लावून, सगळी भिंत हलतेय असं वाटावं इतक्या. तो गुंऽऽ आवाज कानाला नाही, छातीला ऐकू येत होता. आणि प्रत्येक घर सहा बाजूंचं! वीस वर्षं मी कंपास घेऊन फळ्यावर षट्कोन काढतोय, माझी सहावी बाजू कधी पहिलीला नीट मिळाली नाही. इथं हजारो घरं, अंधारात बांधलेली, एकही वाकडं नाही. माझ्या भिंतीत, माझ्या उशापासून हातभर अंतरावर हे सगळं चाललेलं होतं आणि मी बाहेरून शीटवर टकटक करून खूश होत होतो!

मला कळलंच नाही कधी, पण मी हात जोडले होते. तोंड तर आ वासलेलं होतंच. त्याच तोंडावर, खालच्या ओठावर, पहिली माशी बसली.

पुढे काय झालं ते फार पटपट झालं. साहेब गाडीत, काचा वर. दामू धोतरासकट तलावात. मंगलानं घरात जाऊन आतून कडी लावली, नवरा बाहेर आहे हे तिच्या नंतर लक्षात आलं म्हणे.

फक्त भागरताबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी शेणाची गोवरी पेटवली, धूर केला, आणि उघड्या हातांनी, बांगड्यासुद्धा वाजू न देता, एकेक पोळं कापायला लागल्या. मधेमधे माशांशी बोलत होत्या, "घाबरू नोका वो बायाहो, घर बदलून राहिलं तुमचं." एक डास आला तर मी पुस्तक फेकून मारतो! बराच वेळ त्या बोटानं माशा बाजूला सारत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "हे पाहा, गुरुजी. रानी."

लांबट, काळसर, इतरांहून जरा मोठी. त्यांनी तिला अलगद उचललं, पिलांची पोळी आधीच आत बांधून ठेवलेल्या एका मडक्यात सोडलं आणि मडकं मोहाच्या फांदीला टांगलं. आणि मग बघा काय! सगळ्या माशा, एकीमागे एक, त्या मडक्याच्या तोंडातून आत जायला लागल्या. दिवस मावळेस्तोवर मी सुजलेला ओठ धरून बघत बसलो. चाळीस पोरं प्रार्थनेला रांगेत उभी करताना माझा घसा बसतो. या बाईनं हजारो माशा एक शब्दही न ओरडता नेल्या. माझे डोळे भरून आले. मंगला म्हणाली, ओठ ठणकत असन. म्हटलं, हो.

पण बोली ती बोलीच. सोमवारी मी रजा टाकली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंतीसमोर चिखलात उतरलो. माती, शेण, तणस. सगळा मोहल्ला पाहायला हजर, दामू म्हशीसुद्धा घेऊन आलेला. एकाच्या तोंडी नाही की जाऊ द्या सर, राहू द्या सर. चार दिवसांपूर्वी 'वाऽऽ' म्हणणारे हेच लोक!

तासभर तुडवल्यावर भागरताबाईंनी हातात चिखलाचा गोळा दिला. "मारा भिंतीवर."

मारला. गोळा भिंतीला भेटून परत माझ्याकडे आला.

दुसरा मारला. चिकटला! मी अभिमानानं वळून लोकांकडे पाहिलं. लोक माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागे बघत होते. गोळा निवांत घसरत खाली चाललेला.

"पाणी जास्त झालं म्हणून," मी सुजलेल्या ओठानं सांगायला लागलो, "घर्षण कमी होतं, त्यामुळे..."

"बोलू नोका, लिंपा."

दुपारपर्यंत मी दोन हात रुंद लिंपण केलं. घाम पुसला. मागे सरकून पाहिलं. भागरताबाई जवळ आल्या, वाकून बघायला लागल्या, आणि आख्खं लिंपण सपकन सुटून त्यांच्या दोन्ही पायांवर पडलं.

त्यांनी शांतपणे घोट्यावरचा चिखल निपटला आणि म्हणाल्या, "गुरुजी, उद्यापासून शाळेत जा तुमी."

"पण मी शब्द दिलाय, भागरताबाई! सगळ्यांसमोर! खडू खाली ठेवीन म्हणून!"

"शब्दाचं राहू द्या. जा बाप्पा शाळेत. तिथं तुमी काईबी सांगतलं तं कोनाच्या पायावर पडत नाई."