आक्काची कासंडी

धार काढायला बसण्याआधी आक्का कासंडी उपडी करायची. तळावर तळहाताने दोन थापा मारायची, मग तीच कासंडी सरळ करून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची आणि विचारायची, "बघितली?" समोरच्याने "बघितली" म्हटल्याशिवाय तिची बोटं म्हशीच्या सडाला लागत नसत.

ज्यांनी कोल्हापूरचा दूध कट्टा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळ झाली की आमच्या पेठेतल्या चौकाच्या कडेला म्हशी येऊन उभ्या राहतात. माणसं दगडी कट्ट्यावर बसतात, त्यांच्यादेखत धार काढली जाते आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात येतो. डोळ्यांसमोर काढलेलं दूध, एवढीच त्याची जाहिरात. तुम्ही म्हणाल, डोळ्यांसमोरच काढतात तर आणखी काय बघायचं? आक्काचं म्हणणं असं की धार सगळ्यांना दिसते, पण धार काढायच्या भांड्यात आधीच पाणी असलं तर ते कुणाला दिसतं? म्हणून कासंडी उपडी.

एकदा पुण्याचं एक जोडपं आलं होतं. नवरा मोबाईलवर म्हशीचा व्हिडिओ काढण्यात गुंग. आक्काने कासंडी पुढे धरली तर तो म्हणाला, "राहू द्या हो मावशी, आमचा विश्वास आहे तुमच्यावर."

"इस्वास घरात ठेवा, पावणं," आक्का म्हणाली. "मी बघा म्हणतो, तर बघा की. इस्वास ठेवायला कष्ट पडत न्हाईत, म्हणून समदी ठेवत्यात."

पावण्याने मोबाईल खिशात घातला, वाकून कासंडीत बघितलं आणि शाळेतल्या मुलासारखा "बघितली" म्हणाला. त्याची बायको हसू दाबत होती. तिला आक्काने जास्तीचा फेस घातला.

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल "मी म्हणतो, मी गेलतो" असंच बोलतात. आक्काच्या तोंडी ते फार शोभायचं. नवरा गेल्यावर कट्ट्यावरची त्याची जागा तिने घेतली तेव्हा भावकीत बरीच कुरकुर झाली होती. ती हकिगत ती स्वतःच रंगवून सांगायची. "दीर म्हनला, कट्ट्यावर बाईमानूस बरं दिसत न्हाय. मी म्हनलो, म्हस तरी कोन हाय मग?"  

मी तिच्याच गल्लीत राहतो आणि एका छोट्या सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. त्या टेबलामुळे ती मला सायेब म्हणायची. बँकेतही मला सायेब म्हणणारे लोक आहेत, पण त्यांचा शब्द मानाचा असतो आणि आक्काचा चिमट्याचा.

तिच्याकडे दोन म्हशी होत्या, चंद्रा आणि थोरली. थोरली आटली, आणि तिथून आक्काच्या काळजीला सुरुवात झाली. कट्ट्यावर एका म्हशीच्या जोरावर जागा टिकत नाही. गिऱ्हाईक येतं, दूध संपलेलं असतं, ते शेजारच्या म्हशीकडे वळतं, आणि थोड्या दिवसांत तुमच्या जागी दुसऱ्याची म्हैस उभी असते. नवऱ्याची जागा भावकीशी भांडून मिळवलेली बाई ती अशी सोडणार नव्हती. "सायेब, म्हशीसाठी कर्ज देतासा न्हवं?" तिने विचारलं. मी म्हटलं, या की आक्का. आयुष्यात एका पैशाचं कर्ज न काढलेली बाई, गोठा स्वतःचा, रोजची कमाई रोख. मला त्यात काहीच अडचण दिसत नव्हती.

कागदपत्रं जमवून ती बँकेत येईपर्यंतच्या दीड-दोन महिन्यांत गल्लीत पाणी शुद्ध करायची मशीनं विकणारे टायवाले येऊन गेले होते. तुमच्याही गल्लीत आले असतील. गळ्यात टाय आणि ओळखपत्र, हातात काळी बॅग, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणार. आमच्याकडे आलेला माणूस तिशीचा होता आणि बोलायला लोण्यासारखा. "मावशी, महापालिकेच्या पाण्याची तपासणी चालू आहे." वाक्य नीट ऐका. महापालिकेने पाठवलंय असं तो म्हणालाच नाही. पण पूर नुकताच ओसरला होता, गल्लीत दोन घरांत कावीळ होती, आणि नळाचं पाणी पिताना जो तो आधी ग्लास उजेडात धरून बघत होता. इतकं नीट ऐकायला कोण बसलंय?

आक्काच्या ओसरीवर त्याने दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं, मशीनने शुद्ध केलेलं. दोन्हींत वायरीला जोडलेल्या लोखंडी कांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. बघता बघता नळाचं पाणी तांबडंकाळं झालं, वर घाणीचा थर तरंगायला लागला. बाटलीतलं तसंच नितळ. जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. माझी बायकोही त्यात होती. तिने त्या दिवशी पाणी दोनदा उकळलं.

आक्का सहजासहजी फसणारी नव्हती, हे तुम्हाला आत्तापर्यंत कळलंच असेल. पण हे तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. ज्या बाईचा सगळा धंदा "डोळ्यानं बघा" यावर उभा, तिने डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं मानायचं? टायवाला म्हणाला, "आज काही घ्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. मशीन आठ दिवस फुकट वापरा, आवडलं नाही तर काढून नेतो. फक्त नोंदणी करू." नोंदणीसाठी त्याने आधार आणि पॅन कार्डाचे फोटो घेतले, आक्काचा चेहरा टिपला, आणि तिच्या मोबाईलवर एकामागून एक येणारे ओटीपी तिच्याकडून वाचून घेतले. दुसऱ्या दिवशी मशीन भिंतीवर चढलं. आठ दिवसांनी ते काढायला कोणी आलं नाही.

आक्का बँकेत आली तेव्हा मी तिची रीतसर सही घेतली आणि तिचा क्रेडिट रिपोर्ट काढला. कोरा यायला हवा होता. त्यात त्या एकाच दुपारी पाच फायनान्स कंपन्यांनी तिची माहिती उघडून बघितल्याची नोंद होती, आणि पाचव्या कंपनीचं मशीनसाठीचं कर्ज तिच्या नावावर चालू होतं. पहिला हप्ता थकलासुद्धा होता. आमच्या मॅनेजरांनी कागद बघितला आणि बाजूला सरकवला. "एका दिवसात पाच दारं ठोठावणाऱ्या बाईला मी म्हैस कशी देऊ?" चूक त्यांचीही नव्हती. कागद तेच सांगत होता.

मी आक्काला सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. त्याने मशीनसाठी तुमच्या नावाने पाच ठिकाणी कर्ज मागितलं; ते ओटीपी म्हणजे तुमची माहिती बघायची तुम्ही दिलेली परवानगी, आणि शेवटचा म्हणजे कर्जाला होकार.

"म्या कवा होकार दिला?" ती म्हणाली. तिने तो कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली.  मग म्हणाली, "सायेब, मी ओसरीवर चा टाकत हुतो त्याला. आनि त्यो माझ्या सैपाकघरात शिरून डबं उघडून बघत हुता. आसंच झालं की हे."

मी म्हटलं, अगदी असंच झालं.

"पन चूक माझीबी हाय. दुनियेला कासंडी उपडी करून दावतो, आनि त्याची उपडी करून बघायची इसरलो."

त्या संध्याकाळी तिने ही गोष्ट कट्ट्यावर मोठ्याने सांगितली. लाजून झाकून ठेवणं तिला जमत नसे. रोज दूध प्यायला येणारे हायस्कूलचे विज्ञानाचे सर तिथेच होते. ते म्हणाले, "आक्का, घाण पाण्यात नव्हती. तो रंग त्या लोखंडी कांड्या झिजून येतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते. त्याच्या बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तसंच काळं पडेल." आक्काने हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग टायवाल्याला फोन लावला आणि मधाळ आवाजात म्हणाली, "पावणं, कट्ट्यावर या की सांजच्याला. मशीन बघायला मानसं लई हाईत."

आला बिचारा, बॅग घेऊन, भांग पाडून. कट्टा भरलेला. पानपट्टीवाल्याने विजेची वायर दिली. पहिला खेळ झाला, नळाचं पाणी काळं पडलं, लोकांनी माना डोलावल्या. आक्का म्हणाली, "आता तुमच्या बाटलीतलं पानी भरा. भरला ग्लास? थांबा." आणि शेजारच्या भेळेच्या गाडीवरून आणलेली मिठाची चिमूट तिने त्यात सोडली. "आता दाबा बटन."

त्याचा हात बटणाकडे जाईना. सरांनीच दाबलं. नितळ पाणी नळाच्या पाण्यापेक्षा काळं झालं.

आधी हसू उसळलं, मग आवाज चढले. कोल्हापुरात या दोहोंत फार अंतर नसतं. कुणीतरी त्याच्या टायला हात घातला. आक्का मधे शिरली. "हात लावायचा न्हाय कुनी! माझ्या जाग्यावर उभा हाय त्यो. पावना हाय." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "बस तितं. दूध पी."

तिने कासंडी उपडी केली, दोन थापा मारल्या, त्याच्यापुढे धरली. "बघितली?"

त्याने मान हलवली. "तोंडानं सांग," आक्का म्हणाली.

"बघितली," तो म्हणाला.

अर्धा ग्लास झाल्यावर तो बोलायला लागला. इचलकरंजीचा होता, मागावर कामाला होता, कारखान्यातले माग भंगारात गेल्यावर या कंपनीत लागला. "आधी घाबरवायचं, मग फुकट म्हणायचं, मग ओटीपी घ्यायचे, असंच शिकवतात मावशी. ओटीपी कशाचे हे सांगितलं तर साहेब ओरडतात." कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तसल्या कंपन्या नावं बदलत असतात, तुम्ही जुन्याच नावापासून सावध राहत बसाल.

"हेच उद्या बँकंत यून लिवून द्यायचं," आक्का म्हणाली. "देशील?"

"नोकरी जाईल माझी."

"जाईल. माझी जागा चाललीया, त्येचं काय?"

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. टाय न लावता आला आणि आक्काला काही न सांगता तिच्या नावाने ओटीपी घेतल्याचं लिहून दिलं. त्या आधारावर मी तक्रारी केल्या. फायनान्सवाल्यांनी आधी झुलवलं, मग कर्ज रद्द केलं, आणि विनापरवानगी झालेल्या त्या पाच नोंदीही पुसल्या गेल्या. मशीन उतरलं. राहिलेल्या खिळ्यांना आक्काने म्हशीचं दावं अडकवलं.

हे सगळं होईपर्यंत पावसाळा संपून हिवाळा लागला. तोवर एकट्या चंद्रावर जागा राखायची होती. कट्ट्यावरच्या नेहमीच्या मंडळींनी ठरवलं की प्रत्येकाने अर्धाच ग्लास प्यायचा, म्हणजे सगळ्यांना पुरेल आणि कुणी दुसरीकडे वळणार नाही. ज्याला पूर्ण ग्लास लागायचा तो उरलेल्या अर्ध्याच्या बदली घरी जाऊन चहा प्यायचा. अर्ध्या ग्लासावर आक्काची जागा टिकली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग कर्ज मंजूर झालं आणि शिरोळकडून नवी म्हैस आली, उंच, जाफराबादी वळणाची, कुणालाही जवळ येऊ न देणारी. आक्काने तिचं नाव ठेवलं सायबीण. "दुसरं काय ठेवनार? सायबानं आनली," असं ती माझ्या बायकोसमोर म्हणाली. घरी आम्हा दोघांनाही एकमेकांना चिडवायला अजून हे नाव पुरतं.

आक्का या उन्हाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं. तिरडी चौकातून नेताना कट्ट्यावरच्या लोकांनी म्हशी बाजूला घेतल्या, ग्लास खाली ठेवले. दिवसकार्याला इचलकरंजीचा तो माणूसही आला होता, मागे उभा होता. मला फार वाईट वाटलं. आजही संध्याकाळी बँकेतून निघताना वाटतं.

तिची लेक परगावी दिलेली, आक्का गेल्यावर गोठा सांभाळायला ती आईच्या घरी येऊन राहिली. महिन्याभराने ती बँकेत आली. चंद्रा थकली होती, आणि आईची जागा चालवायची तर दुसरी म्हैस हवी होती. मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "तुझा कर्जाचा रेकॉर्ड बघायचाय. बघू का?"

"बघा की काका. इस्वास हाय तुमच्यावर."

"विश्वास नको," मी म्हणालो. "तूच बघ आधी." तिने खुर्ची पुढे ओढली आणि एकेक ओळ बोट लावून वाचली. कोरा होता.

परवा कट्ट्यावर गेलो. सायबीण होती, शेजारी नवी म्हैस. मी बसून मोबाईलवर कसला तरी मेसेज बघत होतो. लेकीने कासंडी उपडी केली आणि तळावर थाप मारली. एकच. मी नकळत दुसरीची वाट बघत राहिलो.

"काका," लेक कासंडी धरून थांबली होती. "बघितली?"

मी मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणालो, "बघितली."