बेबाबाईचा भाऊ

माझ्या आईला, बेबाबाईला, भाऊ नव्हता. सख्खा नाही, चुलतही नाही. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तशी तीही ओवाळायची. पण बाकीच्या बाया ओवाळून, हात जोडून खाली उतरत. आमची आई त्याच्याशी भांडायची!

शिंदखेड्याला आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, दिवे लागायच्या वेळी, ती ताट घेऊन उभी राहायची. खाली चुलीपाशी मांडे झाकून ठेवलेले. बीजेचा चंद्र तो, आला नाही तोच निघाला. आईचं टाळकं सरकायचं. "बठ्ठा जगना मामा व्हयना, पन बहीणना घर दोन घास खावाले तुले येळ नही! वाळीसन काडी व्हयी गया. वहिनी जेवाले घालस नही का रे?" शेजारच्या लताबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. मला मात्र तो मामा खराच वाटायचा. उशिरा येणारा, कोरड्या हाताचा, गाडी चुकेल म्हणून उभ्या उभ्या पळणारा.

सहावीत सरांनी सांगितलं, चंद्राला माणूस समजून निबंध लिहा. वर्गात सगळ्यांचे चंद्र गालात हसले आणि ढगांशी लपंडाव खेळले. मी आईचं भांडण जसंच्या तसं उतरवलं. सर वाचता वाचता हसून लोळले आणि मी शाळा सुटेपर्यंत 'चंद्राची भाची' झाले. काय दिवस होते ते! अजूनही चंद्रावर लिहायला घेतलं की माझा हात भांडायलाच लागतो.

आता आई चाळीसगावला माझ्याकडे असते. यंदा पावसाळ्यात तिची नजर पार गेली, डॉक्टरांनीही हात टेकले. भाऊबीज जवळ आली तसा तिला एकच घोर लागला, की भाऊ दारात येऊन जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. त्या संध्याकाळी मी तिला धरून गच्चीवर नेलं.

"उना का?"

"दिसली, आई. चंद्रकोर. पाण्याच्या टाकीच्या वर, बारीकशी." रडू लपवायच्या नादात मी पुस्तकी बोलले.

"कोर कसानी?" ती उखडलीच. "मना भाऊ कसा शे, ते सांग!"

मी पुन्हा वर पाहिलं. म्हणाले, "वाळी गया, आई. सदरानी गुंडी तुटेल शे. तुनाकडेच देखी ऱ्हायना."

तिचा चेहरा असा काही फुलला की मलाच बघवेना. मी ताटासकट तिचे हात धरले आणि तिने त्याला ओवाळलं. मग हळूच म्हणाली, "निंघना व्हई ना?"

निघालाच होता तो. टाकीमागे गेलासुद्धा.

"नही," मी म्हणाले. "चपला काढी ऱ्हायना. यंदा जेवीसनच जासू, म्हनस."

आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली, "मंग उभी काय ऱ्हायनी, येडी? पाट मांड, ताट वाढ!"