भर दुपारची फेरी आणि गाईचा रवंथ

गौरवसमितीने माझी एक तक्रार या गौरवअंकात नोंदवून घ्यावी. डॉ. मनोहर सकपाळ यांच्या संगतीत अठरा वर्षांत मला एकदाही गरम चहा मिळालेला नाही. कुणाच्याही घरी गेलो की चहा ओसरीवर येतो आणि हे गुरांचे डॉक्टर गोठ्यात शिरतात. गाय एका घासाला किती वेळा चघळते हे मोजून होईपर्यंत ते कपाला हात लावत नाहीत, आणि वडीलधाऱ्यांआधी कप उचलावा असे माझ्यावर संस्कार नाहीत. शिवाय फेरी भर दुपारची. कारण उन्हाचा त्रास गाईत दुपारीच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आज पंचाहत्तराव्या वर्षीही तीच वेळ आहे.

आमची ओळख माझ्या चुकीतून झाली. मी महाडहून वृत्तपत्राला बातम्या पाठवत असे. ऐन वैशाखात कापडे गावच्या गाईंनी चारा सोडला, दूध आटलं आणि मी 'गाईंना अज्ञात रोग' असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दारात हजर. रागावले नाहीत. "बसा मागे," एवढंच म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.

कापड्यात पार्वतीकाकींच्या मुंबईतल्या मुलाने गोठ्याचा पेंढा उतरवून हौसेने पत्रे चढवले होते. खाली त्यांची एकुलती गाय धापा टाकत, लाळ गाळत उभी होती. काकींनी मायेने तिचा भरडा, म्हणजे भरडलेल्या धान्याचा खुराक, वाढवला होता.

"नजर लागली हाय तिला, डॉक्टर. भरडा तेवढा खाते, रवंथ करीत नाय."

"काकी, या पत्र्याखाली तुम्ही दुपारी जेवायला बसाल?"

"मी कशाला बसू? भाजून निघंन."

मग त्या हळूच म्हणाल्या, "पोराला काय सांगू? हौसेनं घातलान त्यानं."

"पत्रे राहू देत. त्यांच्यावर पेंढा घाला."

संस्कृतात रवंथाला रोमन्थ म्हणतात, अशी मी भर घातली. "छान. आता तो होतोय का, ते मोजा," म्हणत डॉक्टरांनी मला गाईपुढे बसवलं. उन्हाने चघळणं कमी होतं, पोटात जायची लाळ बाहेर गळते, त्यात भरडा वाढवला की पोट आंबतं, हे मी तिथे शिकलो. वैरण पहाटे आणि संध्याकाळी, भरडा बेताचा, पाणी सावलीतलं. पाचव्या दिवशी गाय निवांत बसून चघळत होती. मी मोजलं: एका घासाला चोपन्न वेळा.

"बातमीवाले, आता हे छापा," काकी म्हणाल्या. माझी चूक कबूल करणारा इतका आनंदाचा मजकूर मी पुन्हा कधी लिहिला नाही.

पावसाळ्यात कोवळ्या गवताने पोटं फुगतात, म्हणून गुरं सोडण्याआधी सुका पेंढा घालायला डॉक्टर दारोदार सांगत फिरतात. माणसांनाही सोडत नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात मी तिसरा लाडू उचलला, तर शेजारून आवाज आला, "उकाडा आहे. भरडा कमी."

डॉक्टरांना निरोगी शतायुष्य लाभावं, ही इच्छा साऱ्या तालुक्याची आहे. मला मात्र एक सांगायचं आहे. गेल्या वैशाखात तुडील गावात एका गोठ्यातून बाहेर येताना ते खांब धरून खाली बसले. थोडा वेळ त्यांना माझं नाव आठवेना. "घरी सांगू नका," म्हणाले. मी सांगितलं नाही. आज छापून सांगतो आहे, वहिनींनी वाचावं म्हणून. उन्हाळ्यात बारा ते चार त्यांना घरी बसवा. मोजायला मी जाईन. पुन्हा असे बसले आणि उठले नाहीत तर शेजारी मी एकटाच असेन, याची मला भीती वाटते.